तांब्या दोन पावलांवर

आमच्या अंत्रुज महालात म्हातारी माणसं देवाकडे फारसं काही मागत नाहीत. मुलं मार्गाला लागलेली असतात, नातवंडं पाहून झालेली असतात. मागणं एकच उरतं, "हातपाय चालतात तोवर ने रे बाबा." कुणी पटकन गेलं, तर आपण "चालता-बोलता गेला" म्हणतो, आणि त्यात दुःखाबरोबर थोडा हेवाही असतो. याउलट 'अंथरुणाला खिळणं' हा शब्दप्रयोग पाहा. कुणीतरी हातोडी घेऊन माणसाला खाटेवर ठोकून टाकलंय असंच वाटतं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना मरणाची भीती नसते तेवढी या खिळ्याची असते.

या मागण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. हातपाय चालणं-न चालणं हे सगळं देवाच्या हातात. मला मात्र गेल्या काही वर्षांत वाटू लागलंय की त्यातला बराचसा भाग घरच्या माणसांच्या हातात असतो, आणि त्याहून अधिक त्या म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या मांड्यांत. हे मला शिकवलं ते पंचविशीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं आणि माझ्या सासूबाईंनी. सासूबाईंना आम्ही सगळे 'मांय' म्हणतो.

२०१८ च्या श्रावणात मांय न्हाणीत पडल्या. चवथ दहा-बारा दिवसांवर आली होती, घरात साफसफाई चालली होती. पाऊस धरलेला, न्हाणीतली फरशी ओली, हातात बादली. पडल्याचा आवाजही फार मोठा झाला नाही. पण त्यांना उठता येईना. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि डाव्यापेक्षा थोडा आखूड दिसत होता. तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. १०८ ला फोन केला, हॉस्पिटलात नेलं, एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

खुबा म्हटला की गोंयकाराला आधी ताटातले खुबे आठवतात. त्या वेदनेतही मांय म्हणाल्या, "जन्मभर खुबे खाल्ले, आता खुब्यानंच मला खाल्लं." पण हा खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेला जिथं जोडलं जातं तो सांधा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याच्या खाली हाडाची बारीक मान असते. म्हातारपणी हाडं ठिसूळ झाली की साध्या पडण्यानंही ही मान मोडते. मोडून जागची सरकली, तर गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसा तुटतात आणि हाड परत जुळण्याची खात्री राहत नाही. म्हणून या वयात डॉक्टर बहुधा तो गोळाच काढून त्याजागी धातूचा बसवतात. मांयची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आली. डिचोलीकडची, बारीक चणीची, हातात वॉकर. म्हणाली, "आजी, आज उभं राहायचं."

खोलीत आम्ही चौघं होतो. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कालच तर पाय कापून आत लोखंड घातलंय, अजून टाके ओले आहेत, आणि ही म्हणते उभं राहा! मांयच्या धाकट्या बहिणीनं तर तिला स्पष्टच विचारलं, "तुला डॉक्टरनी सांगितलंय ना नक्की?" ती हसली. म्हणाली, "मावशी, धातूचा गोळा आजच वजन घ्यायला तयार आहे. आजींना तयार करायचं तेवढं बाकी आहे."

तिनं मांयना काठावर बसवलं, दोन मिनिटं थांबली, चक्कर येत नाही ना ते पाहिलं, कमरेला आपला हात घातला आणि उभं केलं. मांयच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "बाय, म्हाका दुखता गो." ती म्हणाली, "दुखणार. दहा आकडे मोजा, मग बसा." मांयनी सातपर्यंत मोजले. त्या दिवशीची ती कमाई.

ही काही त्या मुलीची हौस नव्हती. खुब्याचं हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी, तसंच काही गंभीर कारण नसेल तर, माणसाला उभं करावं असं आज सगळीकडचे तज्ज्ञ सांगतात. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेनं २०११ सालच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत हे लिहूनच ठेवलं आहे. कारण या दुखण्यात नुसतं हाड मारत नाही, झोपून राहणं मारतं. पडून राहिलं की पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला फोड येतात, आणि मांड्या वितळत जातात. वितळतात हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. २००७ साली अमेरिकेत धडधाकट अशा काही वयस्कर माणसांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोनं घटलं. दहाच दिवसांत, आणि ती माणसं आजारी नव्हती! खुबा मोडलेल्यांपैकी सुमारे पाचातलं एक ते तीनातलं एक माणूस वर्षाच्या आत जातं असं जगभरचे आकडे सांगतात, त्यामागे या पडून राहण्याचा वाटा मोठा आहे.

घरी आलो तो चवथीच्या तोंडावर. तुम्हाला आमच्याकडची चवथ माहीतच आहे. मुंबईचे, पुण्याचे, आखातातले सगळे घरी येतात. त्या वर्षी माटोळी बघायला येणारा प्रत्येकजण आधी मांयच्या खोलीत डोकावत होता, आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. तीन महिने खाटेवरून हलवू नका. अमक्या गावात एकजण हाड बसवतो. तिळाचं तेल कोमट करून पाय चांगला रगडा. फिजिओच्या मुलीनं नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं होतं. पोटरीत गुठळी असलीच तर रगडण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आणि मग आला तो तांब्या. मांयच्या खाटेजवळ स्टुलावर पाण्याचा तांब्या-भांडं असायचं, हात लांबवला की मिळेल असं. त्या मुलीनं घरी पहिल्या भेटीत तो उचलला आणि खिडकीपाशी नेऊन ठेवला. "तांब्या हातात द्यायचा नाही. दोन पावलांवर ठेवायचा. पुढच्या आठवड्यात चार पावलांवर. तहान लागली की त्या उठतील. तुम्ही शेजारी उभं राहायचं, पण पाणी आणून द्यायचं नाही."

आमच्यासारख्या घरात हे ऐकायला किती कठीण! आपल्याकडे सेवा म्हणजे काय? वडीलधाऱ्या माणसाला जागचं उठू न देणं. पाणी हातात, जेवण खाटेवर, चप्पल पायाशी. जी सून सासूला तांब्यासाठी उठायला लावते, तिच्याविषयी गावात काय बोललं जातं ते मी वेगळं सांगायला नको. माझ्याविषयीही बोललं गेलं. चवथीच्या पाचव्या दिवशी मागच्या दारी दोन बायका म्हणत होत्या, "शिकलेली सून. म्हातारीला ड्रिल करायला लावते." मला ऐकू जावं एवढ्या आवाजातच म्हणत होत्या. मी नेवऱ्यांचा डबा भरून दिला आणि आत आले. आत मांय वॉकर धरून खिडकीकडे चालल्या होत्या, भिंतीशी टेकलेल्या पुतणीला सांगत होत्या, "हात लावू नकोस. मोजते आहे मी."

मांयना हे माझ्याहून जड गेलं असणार. त्याचं कारण १९७८ सालात आहे. त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी, त्या वर्षी अंगणात चिऱ्यावरून घसरून पडल्या. तेव्हा शस्त्रक्रियेचा विषयच निघाला नाही. पायाला वजन बांधलं, काही दिवसांनी घरी आणलं, आणि पुढं सात महिने त्या खाटेवर होत्या. मांयनी त्यांचं सगळं केलं. न्हाऊमाखू घालण्यापासून पाठीचे फोड धुण्यापर्यंत. सात महिन्यांत त्यांचा पाय जमिनीला लागू दिला नाही. मांयची सेवा ही आमच्या वाड्यावर अजून उदाहरण म्हणून सांगतात. त्यांच्या आयुष्यातलं ते एक मोठं मानपत्रच म्हणा ना.

ऑक्टोबरात एका दुपारी व्यायाम संपवून मांय दमून बसल्या होत्या. फिजिओची मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. मांयनी तिला मध्येच विचारलं, "बाय, माझ्या सासूला पण मी असं उभं केलं असतं, तर ती चालली असती?"

मी श्वास रोखून धरला. एवढीशी मुलगी, ती काय उत्तर देणार? तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "नाही आजी. तुमच्या पायात आत गोळा आहे म्हणून तुम्ही उभ्या राहता. त्यांचं हाड मोडलेलंच होतं, त्या उभ्या राहू शकल्या नसत्या. तुम्ही केलंत तेच तेव्हा करता येण्यासारखं होतं." मांय बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या आणि म्हणाल्या, "मग आता मला सबब नाही."

त्या मुलीचं उत्तर खरंच होतं. खुब्याचा सांधा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात बसवली, पण अंत्रुजातल्या एका खेड्यापर्यंत ती यायला पुढं कितीतरी वर्षं लागली. फिजिओथेरपीचंही तसंच. आपल्याकडे हे शास्त्र शिकवायला मुंबईत के. ई. एम. हॉस्पिटलात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरुवात झाली, ती पोलिओच्या साथीनंतर. लहान मुलांचे लुळे पडलेले पाय हा तेव्हाचा प्रश्न होता. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आज त्याच शास्त्राच्या दारात आपल्या आया आणि सासवा उभ्या आहेत.

व्यायाम तरी काय होते? पाहणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं! पहिल्या दिवसांत पडल्या पडल्या घोटे वर-खाली करणं, म्हणजे पोटरीचा पंप चालतो आणि रक्त साठत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं. टाच गादीवरून हळूहळू अंगाकडे सरकवणं. नितंबाचे स्नायू आवळून पाच मोजणं. पुढं खिडकीचा गज धरून पाय बाजूला नेणं. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे खुर्चीवरून उठणं आणि बसणं.

पाय बाजूला नेण्यावर तिचा फार भर होता. मी कारण विचारलं तेव्हा तिनं तागडीचं उदाहरण दिलं. चालताना प्रत्येक पावलाला एक क्षण असा येतो की सगळं शरीर एकाच पायावर असतं. तेव्हा दुसरी बाजू खाली झुकायला बघते. ती झुकू नये म्हणून उभ्या पायाच्या खुब्याच्या बाजूचा स्नायू कमरेला ओढून धरतो. म्हणूनच नुसतं चालतानाही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. हा बाजूचा स्नायू दुबळा पडला की माणूस डुलत, लंगडत चालतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची तीही याचसाठी. मांयचा उजवा खुबा, म्हणून काठी डाव्या हातात. गावातले अर्धे लोक त्यांना थांबवून सांगत, "मांय, काठी उलट्या हातात धरलीत!" मांय म्हणत, "हात बरोबर आहे, तुमची शिकवण उलटी आहे."

पायऱ्यांचा नियम असा की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मांयना तो काही केल्या लक्षात राहीना. शेवटी त्यांनी तो आपल्या पद्धतीनं बसवून घेतला. देवाकडे जाताना चांगलं पुढं न्यायचं, खाली येताना वाईट पुढं धाडायचं. आमच्या देवळाला सात पायऱ्या आहेत. माघातल्या जत्रेला त्या चढायच्या असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये, पडल्यापासून साधारण सहा महिन्यांनी, एका हाताला कठडा आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन त्या सातही पायऱ्या चढल्या. पालखी आली तेव्हा त्यांना बसायला खुर्ची पुढं केली, तर म्हणाल्या, "थोडा वेळ उभी राहते."

हे सगळं परत मिळालं, पण सगळं मिळालं नाही, हेही सांगायला हवं. ज्या पद्धतीनं त्यांचा सांधा बसवला होता, तीत सुरुवातीचे तीन महिने कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. तीन महिन्यांनंतरही पाट कायमचा सुटला. आमचं सगळं जुनं जगणं जमिनीवरचं. जेवण पाटावर, सोय काढायची आदोळीवर बसून, पोथी चटईवर, फुलांच्या माळा उंबऱ्यापाशी. मांयच्या हातची आदोळी सुटली याचं त्यांना पायाहून अधिक दुःख झालं. आम्ही मेस्ताकडून खाटेला लाकडी ठोकळे लावून घेतले, संडासात उंच सीट आली, न्हाणीत दोन दांडे बसले. ओट्याला स्क्रूनं बसणारी खवणी आणली, तिच्याकडे त्या आठवडाभर बघतही नव्हत्या.

आता पडण्याआधीचं. खुबा मोडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो मोडू नये हे केव्हाही स्वस्त, आणि त्यासाठी वय आडवं येत नाही. बॉस्टनमध्ये १९९० साली एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचे वजनी व्यायाम दिले होते. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली. नव्वदीत! पुढं २०१९ साली जगभरच्या १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यांत तेवीस हजारांवर वयस्कर माणसं होती. व्यायामानं, विशेषतः तोल सांभाळण्याच्या व्यायामानं, पडण्याचं प्रमाण जवळपास पावपट कमी झालं होतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद यांचे व्यायाम करावेत. आपल्या जुन्या बायकांनी हे शब्द ऐकले नव्हते, पण पौषातले धालो, चवथीची फुगडी, विहिरीचं पाणी, कुळागरातली चढउतार यांत ते आपोआप घडत होतं. ते गेलं, आणि त्याजागी सोफा आला. सोफ्यातून उठताना हातांचा आधार लागू लागला, तर ती पायांनी पाठवलेली पहिली चिठ्ठी समजावी.

एक साधी परीक्षा आहे. हात नसलेली, पण भिंतीला टेकवलेली सरळ खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर बांधा. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वर्षांच्या बाईला दहापेक्षा कमी आणि पुरुषाला अकरापेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. दुसरी परीक्षा तोलाची. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत, दहा सेकंद उभं राहता येतं का? करताना शेजारी कुणीतरी असावं. जमलं नाही तर घाबरून खाटेवर चढू नका, फिजिओथेरपिस्टकडे जा. हाडांची घनता तपासून घ्यायची का, ड जीवनसत्त्व हवं का, रात्रीच्या कुठल्या गोळीनं झोक जातो का, हे डॉक्टरला विचारा. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि सांधा बदललेल्यांनी कुणाचं पाहून उठाबशा काढू नयेत, प्रत्येकाचा व्यायाम वेगळा असतो. आणि पावसाळ्याआधी अंगणातल्या चिऱ्यांवरचं शेवाळ खरवडून टाका. न्हाणीच्या वाटेवरचा दिवा रात्री चालू राहू द्या. खर्च थोडा, पण आमच्या घरात तो पडल्यानंतर झाला.

मांय आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. काठी आहे, थोडं लंगडणंही आहे. त्या मुलीचं लग्न होऊन ती दूर गेली. तिनं दिलेली वही देवघराच्या खणात असते आणि रोज सकाळी पूजेआधी बाहेर निघते. ओट्यावरच्या खवणीशीही जमलंय, सोय तीच काढते असं त्या कौतुकानं सांगतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, खुर्ची भिंतीला लावली आणि म्हणाल्या, "बस. हात बांध. मी मोजते." त्या घड्याळाकडे बघत होत्या आणि मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळकरी पोरीसारखी उठत-बसत होते. चौदा झाले.

"बरें आसा," मांय म्हणाल्या. "फाल्यां पंदरा."